वेड पांघरल्यावर

चौदा वर्षांची असताना मी एकदा हेरगिरी केली. तेव्हा तो शब्द सुचला नव्हता. मोठ्यांनी सांगितलेलं एक काम, एवढंच वाटलं होतं.

आतोबा अचानक गेले आणि आत्या आमच्याकडे राहायला आली. सुरुवातीला ती रडली, सगळे रडतात तशी. मग एक दिवस रडणं थांबलं आणि भलतंच काही सुरू झालं. एक विचारलं की ती त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची. 'किती वाजले?' म्हटलं की 'गुरुवार' म्हणायची. हातात टॉवेल घेऊन दाराशी तासभर उभी राहायची. आणि मधेच असं काही लख्ख बोलून जायची की ऐकणाऱ्याने नजर कुठे लपवावी कळू नये. एकदा माझ्या थोरल्या काकांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, ती म्हणाली, 'दादा, तू रडलास अगदी मोजून.'

त्या दिवसापासून घरात दोन तट पडले. एक म्हणायचा, तिला धक्का बसलाय, डॉक्टरांना दाखवू. दुसरा म्हणायचा, इतकं नेमकं वर्मावर बोट ठेवता येतं तर वेड कसलं? सोंग आहे सगळं. निकाल लावायचं काम माझ्यावर आलं. 'तू लहान आहेस, तुझ्याकडे तिचं लक्ष जाणार नाही,' काका म्हणाले. 'जरा बघ, एकटी असली की पण अशीच वागते का.'

मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत्या पलंगावर बसली होती. मांडीवर आतोबांचा सदरा. ती त्याची बटणं वरपासून खालपर्यंत लावायची आणि मग खालपासून वरपर्यंत काढायची. किती वेळ, कोण जाणे. मग मान न वळवता म्हणाली, 'दार लावून घे गं. वारा येतोय.'

वारा नव्हता. मी पळत जाऊन सांगितलं, 'तिला कळलं मी बघतेय ते. नाटक करतेय ती.'

डॉक्टरांकडे न्यायचं जवळजवळ ठरत आलं होतं, ते त्या दिवशी मागे पडलं. पुढे सात महिने मागेच राहिलं.

शेक्सपियरचं 'हॅम्लेट' हे नाटक मी कॉलेजात वाचलं. आत्याशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही नव्हतं. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला राजा क्लॉडियस आणि त्याचा मंत्री पोलोनियस एक बेत करतात. पोलोनियस स्वतःच्या मुलीच्या, ऑफिलियाच्या, हातात एक पुस्तक देतो, तिला फेऱ्या मारायला सांगतो आणि ते दोघे आडोशाला लपतात. राजाचा पुतण्या, राजपुत्र हॅम्लेट येईल, तिच्याशी बोलेल, त्याचं वेड खरं की कसं ते कळेल. ते पान वाचताना मी थांबले. या नाटकात मला स्वतःची जागा सापडली होती. मी राजपुत्र नव्हते, राजकन्याही नव्हते. पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसांनी पुढे केलेली मुलगी होते.

हॅम्लेटचं वेड खरं की नाटकी, हा प्रश्न तेव्हापासून मला परीक्षेतल्या प्रश्नासारखा सोडवता आलेला नाही.

पहिला अंक संपता संपता बापाच्या भुतानं हॅम्लेटला सांगितलेलं असतं की मला साप चावला नाही, तुझ्या काकानं, क्लॉडियसनं, झोपेत माझ्या कानात विष ओतलं. भूत नाहीसं होतं. त्यानंतर हॅम्लेट मित्राला, होरेशियोला, आणि एका पहारेकऱ्याला शपथ घालतो: यापुढे मी कदाचित विचित्र वागणं अंगावर चढवीन, तेव्हा तुम्ही डोळे मिचकावून, मान हलवून, 'आम्हाला ठाऊक आहे' असं दाखवू नका. सोंगवाल्यांचा पक्ष इथेच जिंकतो. त्यानं स्वतःच सांगितलंय, अजून पुरावा कशाला हवा?

गंमत म्हणजे 'अंगावर चढवणं' ही त्याची भाषा आपल्याकडे तयार आहे. आपण वेड पांघरतो. पांघरून पेडगावला जातो. या म्हणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, पांघरुणाखालचा माणूस धडधाकट आहे. दोन, त्याला कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक आहे. हॅम्लेटच्या बाबतीत मला या दोन्ही गोष्टींची खात्री वाटत नाही. दुसरीची तर अजिबात नाही. त्याचं पेडगाव कुठलं?

शेक्सपियरच्या आधीच्या हॅम्लेटला पेडगाव होतं. डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो ग्रामाटिकस यानं १२०० च्या सुमारास ही कथा लॅटिनमध्ये लिहिली. त्यात राजपुत्राचं नाव आम्लेथ. त्याच्या काकानं, फेंगनं, भावाला मारलं ते लपूनछपून नव्हे. सगळ्यांना माहीत होतं. उरलेला मुलगा उद्या सूड घेणार हे फेंगलाही कळत होतं, म्हणून मुलगा जिवंत राहायचा तर निरुपद्रवी दिसणं भाग होतं. आम्लेथ अंगाला घाण फासून चुलीपाशी बसायचा, लाकडाचे आकडे कोरायचा आणि त्यांची टोकं विस्तवात तापवून कडक करायचा. हे काय करतोस, म्हणून कोणी विचारलं की सांगायचा, बापाच्या सुडासाठी भाले करतोय. सगळे हसायचे. तो खरं तेच सांगत होता! बोलण्यात खोटं येऊ द्यायचं नाही, खरं असं सांगायचं की कोणी ओळखू नये, हा त्याचा नेम. शेवटी, तो मेला असं समजून त्याच्याच नावानं चाललेल्या श्राद्धाच्या जेवणावळीत, सरदार दारू पिऊन पडलेले असताना, तो भिंतीवरचे पडदे त्यांच्यावर पाडतो, त्याच आकड्यांनी ते पक्के जखडतो आणि दालनाला आग लावतो. मग फेंगला मारतो. वेड, आकडे, पडदे, आग. एकही धागा वाया गेलेला नाही.

शेक्सपियरनं या कथेतली एक गोष्ट बदलली. खून गुप्त केला. आणि तेवढ्यानं वेडाच्या सोंगाखालची जमीनच काढून घेतली. क्लॉडियसला पुतण्याचा संशय येण्याचं काही कारणच उरत नाही. हॅम्लेट नेहमीसारखा वागला असता तर कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. उलट तो विचित्र वागू लागतो आणि तेव्हाच राजाचे डोळे त्याच्यावर खिळतात. इंग्रज टीकाकार सॅम्युअल जॉन्सननं शेक्सपियरच्या नाटकांच्या १७६५ च्या आपल्या आवृत्तीत हे सरळ लिहिलं: या सोंगाला पुरेसं कारण दिसत नाही, शहाणा म्हणवून घेऊन जे करता आलं नसतं असं हॅम्लेट काहीच करत नाही. जॉन्सनला हा नाटकातला दोष वाटला. मला तिथेच नाटकाचं दार उघडतं असं वाटतं. ज्या पांघरुणाचा पावसात उपयोग नाही, ते माणूस कशासाठी घेतो? थंडी आतून वाजत असेल तर घेतो.

आणि थंडी आधीपासून वाजत होती, हे आपण विसरतो. भूत भेटण्याच्या आधीचं हॅम्लेटचं पहिलं स्वगत पाहा. बाप जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत, आईनं दिराशी लग्न केलंय, आणि हा मुलगा म्हणतोय की हा देह वितळून जाईल तर बरं, आत्महत्येला देवाची मनाई नसती तर बरं, जग म्हणजे तण माजलेली बाग. तेव्हा त्याला खुनाचा पत्ताही नाही. म्हणजे सोंग ठरवण्याआधीच माणूस आजारी पडलेला आहे. त्याच्या काळात याला नाव होतं. टिमथी ब्राइट या वैद्यानं १५८६ मध्ये 'मेलँकली' या विकारावर आख्खा ग्रंथ लिहिला होता. काळ्या पित्तानं येणारी खिन्नता, वाईट स्वप्नं, संशय, कामाची टाळाटाळ आणि मधूनच विनोदाची धार. दुसऱ्या अंकात हॅम्लेट स्वतः म्हणतो की एका अक्रोडाच्या कवचात कोंडलं तरी मी स्वतःला अनंत अवकाशाचा राजा समजलो असतो, पण मला वाईट स्वप्नं पडतात. आणि शेवटच्या अंकात होरेशियोला सांगतो की माझ्या छातीत एक झटापट चालू होती, ती मला झोपू देत नव्हती. या दोन वाक्यांवर मी बराच वेळ थांबले. आत्या रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून उभी असायची.

वेडाचं सोंग घेतलेली माणसं जुन्या कथांमधून बरीच भेटतात. बायबलमधला दावीद शत्रूच्या राजाच्या हाती सापडतो तेव्हा दारावर ओरखडे काढतो आणि दाढीवरून लाळ गाळतो. राजा आकीश कंटाळून म्हणतो, माझ्याकडे वेड्यांची वाण होती का? संपलं प्रकरण. पण मला विसरता येत नाही तो ग्रीक कथांमधला ओडिसियस. ट्रॉयच्या युद्धाला जायचं नव्हतं म्हणून त्यानं नांगराला बैल आणि घोडा एकत्र जुंपले आणि शेतात मीठ पेरायला लागला. न्यायला आलेल्यांत पॅलामिडीज नावाचा चतुर माणूस होता. त्यानं ओडिसियसचं तान्हं मूल उचललं आणि नांगराच्या वाटेत ठेवलं. ओडिसियसनं नांगर वळवला. शहाणा ठरला, युद्धावर गेला.

ही परीक्षा नीट पाहा. पॅलामिडीजनं त्याची स्मरणशक्ती तपासली नाही, आकडेमोड विचारली नाही. त्याला अजून कशाची माया उरली आहे ते पाहिलं, आणि त्या मायेलाच पुरावा करून त्याला पकडलं. वेडाची परीक्षा घेणारे नेहमी हेच करतात. सॅक्सोच्या कथेतही आम्लेथपुढे आधी एक तरुणी ठेवली जाते आणि मग आई. हॅम्लेटच्या घरी, एल्सिनोरच्या किल्ल्यात, पोलोनियस आणि क्लॉडियस नांगरापुढे ऑफिलियाला ठेवतात.

आणि हॅम्लेट नांगर वळवत नाही.

तो तिच्यावरून जातो. मी तुझ्यावर कधी प्रेम केलंच नाही म्हणतो. मठात जा म्हणतो, पुनःपुन्हा म्हणतो. तुझे वडील कुठे आहेत, असं एकदा विचारतो. ती म्हणते, घरी. ती खोटं बोलते आणि पोलोनियस तिथेच आहे. हॅम्लेटला तो दिसला का, यावर नट आणि दिग्दर्शक शतकानुशतकं वाद घालत आलेत. दिसला असेल तर त्याचा संताप समजतो. पण दिसला म्हणून काय झालं? समोरची मुलगी तीच आहे. आपल्या मुलापुढे नांगर वळवणारा ओडिसियस सोंगाच्या बाहेर उभा होता, म्हणून त्याला वळवता आला. हॅम्लेटला वळवता येत नाही, याचा मला एकच अर्थ लागतो. नांगर आता त्याच्या हातात राहिलेला नाही. बैल कधीचे उधळलेत आणि तो मागे फरपटतोय, मुठीवर हात मात्र त्याचेच आहेत.

क्लॉडियस आडोशातून बाहेर येतो तेव्हा त्याचं निदान सगळ्यांत अचूक असतं, हे मला फार लागतं. तो म्हणतो, बोलणं थोडं विस्कळीत होतं, पण ते वेड नव्हतं. त्याच्या मनात काहीतरी आहे आणि त्यावर त्याची खिन्नता उबवत बसली आहे. एवढं ज्याला कळलं, तो पुढे काय करतो? मुलाला इंग्लंडला पाठवून त्याचं मुंडकं उडवायचा बेत करतो. अचूक निदान आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरात काकांचं निरीक्षणही बारीक होतं.

याच्या आधीचा एक प्रसंग रंगमंचावर घडतच नाही, ऑफिलिया तो येऊन सांगते. ती खोलीत शिवत बसलेली असताना हॅम्लेट आत आला. अंगरखा उघडा, डोक्यावर टोपी नाही, मोजे मळके आणि बेडीसारखे घोट्यापर्यंत घसरलेले, चेहरा सदऱ्यासारखा पांढरा, गुडघे एकमेकांवर आपटतायत. त्यानं तिचं मनगट धरलं, हात लांब ठेवून तिचा चेहरा न्याहाळत राहिला, जणू त्याचं चित्र काढायचंय. मग तीनदा मान हलवली आणि इतका खोल उसासा टाकला की देह मोडून पडेल. आणि तिच्यावरची नजर न काढता, मागे वळलेल्या मानेनं, दारातून बाहेर गेला. सोंगवाले म्हणतात, हे घसरलेले मोजे म्हणजे त्या काळच्या प्रेमवेड्याचा ठरलेला वेश. खरंच आहे. शेक्सपियरच्याच दुसऱ्या एका नाटकात प्रेमवेड्याच्या खुणा मोजल्यात, त्यात सैल मोजे आहेत. म्हणजे कपडे त्यानं ठरवून केले असतील. पण उसासा? ऑफिलियाला फसवायला इतकं शांत राहण्याची गरज नव्हती. तो एक शब्दही बोलत नाही. माणूस निरोप घ्यायला येतो आणि निरोपाचं कारण सांगता येत नाही म्हणून वेड्याचे कपडे घालून येतो, असं मला त्यात दिसतं.

इथे मराठीतला एक शब्द मला फार उपयोगी पडला. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते १८८३ मध्ये, आणि त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. पहिल्यांदा हे नाव मला अवजड वाटलं होतं. नंतर त्यातल्या 'विकार' या शब्दापाशी मी बराच काळ थांबले. कामक्रोध हेही विकार आणि हृदयाचा आजार हाही विकार. भावना आणि रोग यांना आपल्या भाषेनं एकच नाव दिलंय. त्याहून जुना अर्थ आहे मूळ रूपात झालेला पालट. दूध विरजलं की दही होतं, शास्त्रकार त्यालाही दुधाचा विकार म्हणतात. दह्याला कोणी विचारत नाही की तू खरं दही की दुधानं घेतलेलं सोंग. विरजण कोणी घातलं ते विचारता येईल. कधी घातलं तेही. पण आता परत दूध हो, असं सांगता येणार नाही.

आगरकरांच्या मनात नाव देताना हे सगळं असेल असा माझा दावा नाही. पण इंग्रजीत 'वेडा की शहाणा' एवढ्या दोनच खुर्च्या मांडून बसलेल्या चर्चेला या एका शब्दानं तिसरी जागा दिली. कवी टी. एस. एलियटनं १९१९ मध्ये हॅम्लेटविषयी लिहिताना, त्याचं वेड वेडापेक्षा कमी आणि सोंगापेक्षा जास्त आहे, असं म्हटलं. ते मला पटतं, पण ते मोजमाप झालं. विकार म्हटलं की मोजायचं राहत नाही, तो कसा होत गेला ते पाहावं लागतं.

डॉक्टरांनीही यात मन घातलं. जॉन कोनोली हा लंडनजवळच्या हॅनवेलच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. १८३९ मध्ये सूत्रं घेतल्यावर त्यानं रुग्णांना बांधून ठेवायची साधनं बंद केली. साखळ्या, पट्टे, सक्तीच्या खुर्च्या, सगळं. त्याच माणसानं १८६३ मध्ये हॅम्लेटवर पुस्तक लिहिलं आणि त्याचं मत पडलं की वेड खरं आहे. मला हे मत सर्वस्वी मान्य नाही, पण ते कोणाकडून आलंय याला मी फार किंमत देते. शेकडो माणसांच्या हातापायांतले पट्टे सोडवलेल्या डॉक्टरला 'सोंग आहे' म्हणणं जड गेलं असणार. ज्यांनी कधी एकाही रुग्णाजवळ रात्र काढलेली नाही, त्यांना तो शब्द फार सहज सापडतो.

१८९८ मध्ये जर्मनीतल्या झिगबर्ट गान्सर या डॉक्टरनं काही कैद्यांविषयी लिहिलं. त्यांना साधे प्रश्न विचारले की ते चुकीची, पण प्रश्नाच्या अगदी जवळून जाणारी उत्तरं देत. म्हणजे प्रश्न कळलेला असे. कळल्याशिवाय इतकं जवळचं चुकता येत नाही. मग हे सोंग की आजार? गान्सरला तो आजार वाटला, इतरांना सोंग, आणि वाद अजून मिटलेला नाही. हे मी वाचलं तेव्हा माझं वय पस्तीस होतं. 'किती वाजले?' 'गुरुवार.' पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

आईच्या खोलीतल्या प्रसंगाकडे मी फार वेळा परत जाते. पडद्यामागे हालचाल होते, हॅम्लेट तलवार खुपसतो, पोलोनियस मरतो. मग भूत पुन्हा येतं. पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांना, होरेशियोला, सगळ्यांना दिसलं होतं. आता समोर बसलेल्या आईला दिसत नाही. गर्ट्रूड म्हणते, हे तुझ्या डोक्यातलं आहे. हॅम्लेट म्हणतो, माझी नाडी बघ, तुझ्यासारखीच शांत चालते आहे. मी आत्ता बोललो ते शब्दशः परत सांगतो, वेड्याला ते जमणार नाही. मी वेडा नाही, वेडाचं कसब करतोय. शहाणपणाचा याहून नीटनेटका पुरावा कुठल्या न्यायालयात मिळणार नाही. आणि तो देत असताना त्याच्या पायाशी, त्याच्याच हातून मेलेल्या म्हाताऱ्याचं रक्त जमिनीवर पसरत असतं. १९८० मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात जोनाथन प्राइसनं हॅम्लेट केला तेव्हा पहिल्या अंकातलं भूत वेगळ्या नटानं केलंच नव्हतं. बापाचा आवाज मुलाच्याच पोटातून, उचकी दाबावी तसा बाहेर यायचा. मी ते पाहिलेलं नाही, त्याविषयी वाचलंय. तेवढ्यानंही माझ्या अंगावर काटा आला. मेलेला माणूस असाच बोलतो, उरलेल्याच्या गळ्यातून. आत्या कधीकधी आतोबांसारखी खाकरायची.

शेवटच्या अंकात हॅम्लेट पोलोनियसच्या मुलाची, लेअर्टीसची, माफी मागतो: तुझ्या बापाला मारलं ते हॅम्लेटनं नव्हे, त्याच्या वेडानं, आणि ते वेड हॅम्लेटचंही वैरी आहे. आईला 'मी वेडा नाही' म्हणून पटवणारा हाच माणूस. जॉन्सननं इथेही त्याला दोष दिला, भल्या माणसानं खोट्याचा आडोसा घेऊ नये म्हणून. मला ते खोटं वाटत नाही. अंगावर घेतलेलं पांघरूण आपलं होतं की नव्हतं हे हॅम्लेटला आता स्वतःलाही सांगता येत नाही, आणि पहिल्यांदाच तो ते कबूल करतोय असं मला वाटतं. इटालियन नाटककार लुइजी पिरांदेल्लोच्या १९२२ च्या 'हेन्री चौथा' या नाटकात एक माणूस घोड्यावरून पडतो आणि वर्षानुवर्षं स्वतःला मध्ययुगीन सम्राट समजतो. मग बरा होतो, पण कोणाला सांगत नाही, वेडाच्याच वेशात राहतो. शेवटी त्याच्या हातून खून होतो आणि सुटकेची एकच वाट राहते: कायमचं वेडं असणं. घेतलेलं पांघरूण शिवून टाकलं जातं, आणि सुई त्याच्याच हातात असते.

ऑफिलियाविषयी मात्र कोणी विचारत नाही. तिचं वेड खरं की सोंग, यावर ग्रंथ नाहीत. तिचाही बाप मेलाय, तोही मारला गेलाय, घाईघाईनं पुरलाय. तीही गाणी आणि कोडी बोलते, फुलं वाटते: आठवणीसाठी रोजमेरी, विचारांसाठी पॅन्सी, व्हायोलेट द्यायची होती, पण बाबा गेले तेव्हा सगळी सुकली. तिच्या बोलण्यातही धार आहे. तरी तिच्यावर कुणाला संशय नाही, कारण तिची कुणाला भीती नाही. वेडाचा खरेखोटेपणा तपासायचा तो ज्याच्याकडून धोका आहे त्याचा, अशी त्या किल्ल्याची रीत. राणी आधी तिला भेटायलाच नकार देते. मग राजा हुकूम देतो: तिच्या मागे जा, नीट नजर ठेवा.

आणि नजर ठेवली गेली असावी. कारण थोड्या वेळानं गर्ट्रूड येऊन सांगते: ओढ्यावर वाकलेली विलोची फांदी कशी मोडली, ऑफिलिया हारांसकट पाण्यात कशी पडली, कपडे फुगून तिला थोडा वेळ जलपरीसारखं कसं तरंगवत राहिले, ती जुन्या गाण्यांचे तुकडे कशी गात होती, आणि मग भिजून जड झालेल्या वस्त्रांनी तिला गाण्यातून ओढून चिखलात कसं नेलं. जगातल्या सुंदर ओळींत ही मोजली जाते. मला ती वाचवत नाही. इतकं सगळं सांगता येतंय म्हणजे कोणीतरी काठावर उभं राहून सगळं पाहत होतं. पाण्यात कोणी उतरलं नाही.

आत्याला सात महिन्यांनी उपचार मिळाले. तेही काकूनं कोणालाही न विचारता तिला रिक्षात बसवून नेलं म्हणून. ती बरी झाली, म्हणजे पूर्वीसारखी झाली नाही, पण जगण्यात परत आली. तिनं त्या काळाविषयी कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दाराच्या फटीविषयी मात्र मी तिला सांगितलं. फार उशिरा, ती सत्तरीला आली तेव्हा. ती म्हणाली, 'अगं, मला कुठलं ते आठवतंय.' मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याच दुपारी मी तिला हॅम्लेटची गोष्ट सांगितली. सगळी: भूत, नाटकातलं नाटक, पडदा, ओढा, तलवारीच्या टोकाला लावलेलं विष. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग मी म्हटलं, 'लोक चारशे वर्षं भांडतायत, आत्या, तो खरंच वेडा झाला होता की सोंग करत होता म्हणून. तुला काय वाटतं?'

तिनं प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. शेजारच्या प्रश्नाचं दिलं.

'रात्री त्याच्या खोलीत सोबतीला कोण झोपायचं?'

मी आठवून पाहिलं. होरेशियो मित्र होता, पण रात्री तो कुठे असे ते कुठेच येत नाही. आई तिच्या महालात. ऑफिलियाला तर वडिलांनी भेटायचीच बंदी केलेली. 'नाटकात ते दिलेलं नाही,' मी म्हटलं.

'मग कोणी नसणार,' ती म्हणाली, आणि मला आत यायला सांगून पलंगावर सरकली. इतका वेळ मी दारातच खुर्ची टाकून बसले होते.